गिटारचा ब्रिज पुन्हा पुन्हा सुटतोय? गोंद बदलण्याआधी सुटलेली जागा नीट बघा

मी स्वतः केलेल्या पहिल्या गिटारचा ब्रिज (पुढच्या फळीवर, म्हणजे टॉपवर, चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) तीन वेळा सुटला. तिन्ही वेळा मी गोंदाला शिव्या घातल्या आणि तिन्ही वेळा गोंद बदलला. चौथ्यांदा चिकटवलेला ब्रिज चार वर्षं जागचा हललेला नाही, आणि त्याच्याखाली गोंद आहे तो पहिल्या वेळचाच, टाइटबाँड ओरिजिनल नावाचा लाकडाचा पिवळा गोंद. ग्वाल्हेरात राहून गिटार करणाऱ्यांनी, किंवा विकत घेतलेल्या गिटारचा ब्रिज घरी चिकटवायला निघालेल्यांनी, हे वाचून मग हात घालावा. आमच्या हवेत ही तक्रार दर वर्षी कुणाकडे ना कुणाकडे असतेच.

आधी रोग आहे की नाही ते ठरवा. वहीचा साधा कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली, म्हणजे साउंडहोलच्या (टॉपमधल्या गोल भोकाच्या) विरुद्ध बाजूला, सरकवून बघा. पॉलिशची कड असते तिथे कागद मिलीमीटरभर आत जातो, त्याची चिंता नको. तीन-चार मिलीमीटर गेला तर तारा लगेच सैल करा. ‘वाजतंय ना, मग चालू दे’ म्हणत राहिलात तर ब्रिज एक दिवस रात्री धाडकन उडतो आणि जाताना टॉपची साल घेऊन जातो. माझा दुसऱ्या वेळी असाच गेला. घरातल्यांना वाटलं मांजराने भांडं पाडलं.

फट नेहमी मागूनच का सुरू होते, हे मला आमच्याकडच्या सतार दुरुस्त करणाऱ्या एका काकांमुळे नीट कळलं. ग्वाल्हेर हे सरोद-सतारीचं गाव. सरोद घर हे वाद्यांचं संग्रहालय इथे, माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून इथे, पण गिटारचं लाकूडकाम करणारा माणूस शोधायला गेलात तर चप्पल झिजेल. म्हणून मी काकांकडे गेलो. त्यांनी गिटार उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, “अरे, घोडी चिकटवतात कशाला?” घोडी म्हणजे सतारीचा ब्रिज. प्रश्न खोडसाळ नव्हता. सतारीची तार खाली लंगोटाला (तळाच्या टोकाला बसवलेल्या तुकड्याला) अडकते आणि घोडीवरून पुढे जाते, त्यामुळे ती घोडीला खाली दाबते. घोडी तारेच्या दाबानेच बसते. व्हायोलिनचंही तेच. गिटारमध्ये मात्र तार ब्रिजपासूनच सुरू होते, म्हणजे ती ब्रिजला दाबत नाही, ओढते. त्यातही ती टॉपपासून साधारण १२ मिलीमीटर उंचीवरून ओढते, त्यामुळे ब्रिज पुढे कलंडायला बघतो आणि मागची कड उचलली जाते. १२-५३ च्या (सर्वात पातळ तार ०.०१२ इंच, सर्वात जाड ०.०५३ इंच) लोखंडी तारांची एकूण ओढ ७० किलोच्या थोडी वर जाते. नायलॉनच्या तारांची त्याच्या निम्मी. हे वजन रात्रंदिवस, गिटार भिंतीला टांगलेली असतानाही, त्या बोटभर रुंदीच्या सांध्यावर असतं.

म्हणजे सांध्यात थोडीही खोट असेल तर ती उघडी पडणारच. प्रश्न उरतो तो खोट कोणती, आणि त्याचं उत्तर सुटलेल्या दोन पृष्ठभागांवर लिहिलेलं असतं. लोक ते पुसून, घासून टाकतात आणि मग विचारतात काय झालं. ब्रिज निघाला की पॉलिश पेपर हातात घेण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, उजेड तिरपा पाडून.

माझ्या पहिल्या वेळी गोंद दोन्हीकडे पांढरट होता आणि नखाने खरवडला की खडूसारखी भुकटी पडत होती. डिसेंबर होता. तानसेन समारोहाहून कुडकुडत परत आलो होतो, डोक्यात सूर होते, आणि त्याच उत्साहात रात्री अकरा वाजता गच्चीवरच्या खोलीत ब्रिज चिकटवला. खोलीत आठ-नऊ अंश असतील. पिवळा आणि पांढरा, दोन्ही गोंद साधारण १० अंशांच्या खाली नीट पडदा धरत नाहीत. पाणी उडून जातं आणि मागे भुकटी राहते. वरून सगळं वाळल्यासारखं दिसतं, दुसऱ्या दिवशी घट्टही वाटतं. तीन आठवड्यांत ब्रिज हातात आला. गोंद, ब्रिज आणि गिटार तिन्ही गोष्टी आदल्या दिवसापासून उबदार खोलीत ठेवल्या असत्या, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. बरं, दुसऱ्या दोन कारणांनी आलीच असती.

दुसऱ्यांदा मी जिद्दीने इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावला. ऑगस्टमध्ये. मे महिन्यात तो ब्रिज उडाला तेव्हा दोन्ही टोकांना स्प्रूसचे (टॉपच्या मऊ लाकडाचे) तंतू उपटून ब्रिजला चिकटलेले होते, आणि मधल्या भागात इपॉक्सीचा जाड, चकचकीत थर होता, आरशासारखा. याचा अर्थ लावायला मला वेळ लागला. तंतू उपटले म्हणजे तिथे गोंदाने आपलं काम केलं, लाकूड हरलं. मधे जाड थर राहिला म्हणजे तिथे ब्रिज आणि टॉप कधी भेटलेच नव्हते, इपॉक्सीने पोकळी भरून काढली होती. म्हणजे ब्रिज फक्त टोकांवर टेकलेला होता.

तिसरी गोष्ट सुताराकडच्या पांढऱ्या गोंदाची. ऑक्टोबरमध्ये लावला, हवा उत्तम होती, थर पातळ होता. पुढच्या मे महिन्यात लग्नाला जाताना गिटार गाडीच्या मागच्या सीटवर राहिली, गाडी दोन तास उन्हात उभी. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असतं, बंद गाडीत किती होत असेल ते सांगायला नको. परत आलो तर ब्रिज पडला नव्हता, पण मिलीमीटरभर पुढे सरकला होता आणि मागे फट होती. फटीत डोकावलं तर चिंगमसारखे ताणलेले धागे. पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो, आणि सततच्या ओढीखाली तो थंडीतही अगदी हळूहळू सरकत असतो. खुर्चीला, कपाटाला ते चालतं, तिथे कुणी सत्तर किलोने ओढत बसलेलं नसतं.

चौथी एक खूण असते, ती माझ्या नाही पण मित्राच्या गिटारवर बघितली. गोंदाचा गुळगुळीत पडदा पूर्णपणे एकाच बाजूला राहतो आणि दुसरी बाजू स्वच्छ लाकूड. ब्रिज शिसवाचा होता आणि स्वच्छ निघाला होता तो ब्रिजच. शिसवात तेल असतं, लाकूड घासून आठ दिवस तसंच ठेवलं तर ते वर येतं आणि गोंद आत जात नाही. उपाय सोपा आहे. चिकटवायच्या अर्धा-एक तास आधी ब्रिजचा तळ धारदार ब्लेडने हलका खरवडायचा, नवं लाकूड उघडं करायचं. काही जण ॲसिटोनने पुसतात, मीही पुसतो, पण ताजा खरवडलेला तळ ही खरी गोष्ट. आणि पडदा टॉपच्या बाजूने स्वच्छ सुटला असेल, तर ब्रिज पॉलिशवर चिकटवला होता असं समजा. पॉलिशवर काहीही चिकटत नाही, चिकटल्याचं नाटक करतं.

आता दुसऱ्या वेळेकडे परत येतो, कारण ग्वाल्हेरातल्या बहुतेक सुटलेल्या ब्रिजांचं मूळ तिथे आहे.

टॉपचा रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, तारांच्या दिशेने जातो आणि ब्रिजचा रेषा आडवा. लाकूड रेषेच्या दिशेने जवळपास हलत नाही, हलतं ते रुंदीत. म्हणजे हवा दमट झाली की टॉप रुंद होतो आणि त्याच्यावर आडवा बसलेला ब्रिज लांब व्हायला तयार नसतो. हिशेब करून बघा. चांगल्या कापाचं स्प्रूस स्वतःतला ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदीत अंदाजे ०.१५ टक्के बदलतं. १५० मिलीमीटरच्या ब्रिजखाली ५ टक्के ओलावा उतरला तर मिलीमीटरहून जास्त आकसायची टॉपची इच्छा असते. ब्रिज ती पुरी होऊ देत नाही. टॉप मोकळा आकसू शकत नाही, म्हणून आकार बदलतो: पावसाळ्यात पोट फुगतं, उन्हाळ्यात बसतं. मी ऑगस्टमध्ये फुगलेल्या पोटावर सपाट तळाचा ब्रिज क्लॅम्पने दाबून बसवला होता. त्याने मे महिन्यापर्यंत दम धरला हेच आश्चर्य.

बरं, आमचा उन्हाळा कोरडा असतो असं म्हणून भागत नाही. दुपारी लू (उन्हाळ्यातला गरम, कोरडा वारा) चालू असते, हवेतला दमटपणा २० टक्क्यांच्या आत. रात्री खिडकीला कूलर, आणि कूलर म्हणजे ओल्या खसातून वारा. ज्या खोलीत कूलर आहे तिथली हवा रात्रभर दमट आणि दिवसा कूलर बंद असताना कोरडी ठणठणीत. गिटार त्याच खोलीत भिंतीला टांगलेली. बिचारा टॉप दिवसातून एकदा फुगतो आणि एकदा आकसतो. मी तिसरा ब्रिज सुटल्यानंतर एक साधा डिजिटल दमटपणा-मापक आणला, काही शे रुपयांचा, आणि कूलरच्या खोलीत चोवीस तास आकडे लिहिले तेव्हा हे दिसलं. त्याआधी मला कूलर गिटारच्या भल्याचा वाटत होता! मापक स्वस्तातला असेल तर आधी तपासून घ्या: छोट्या झाकणात मीठ घालून थोडं पाणी टाकायचं, मीठ विरघळू द्यायचं नाही, नुसतं ओलं चिखलासारखं, आणि ते मापकासह बंद पिशवीत आठ-दहा तास. आकडा ७५ यायला हवा. माझा ६९ दाखवत होता, तेव्हापासून मी सहा मिळवून वाचतो.

म्हणून माझा नियम: ग्वाल्हेरात ब्रिज चिकटवायचा तो दसऱ्यानंतर आणि कडाका पडायच्या आत, नाहीतर मग थंडी ओसरल्यावर होळीच्या आधी. त्या दिवसांत हवा आपसूक ४५-५०च्या आसपास असते. श्रावणात घाई असेलच तर गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर बंद ठेवा, मापक आत ठेवा, आणि आकडा पन्नासच्या खाली आल्यावरच हात लावा. आठवडा म्हणजे आठवडा. केसमधली हवा दोन तासांत सुकते, लाकूड नाही.

सुटलेला ब्रिज थोडाच उचललेला असेल तर फटीत झटपट गोंद सोडायचा मोह होतो. करू नका. आतला जुना गोंद, धूळ, भुकटी तशीच राहते आणि पुढच्या वेळी दुरुस्ती दुप्पट अवघड होते. स्क्रू मारणारेही भेटतात. स्क्रू ब्रिजला धरतो, सांध्याला नाही, आणि वजन वाढून आवाज जातो तो वेगळाच.

पूर्ण काढायचा. तारा, त्यांना धरणाऱ्या पिना काढा आणि सॅडलही (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पातळ पट्टी) काढा, कारण प्लॅस्टिकचं सॅडल उष्णतेने वाकतं (मी एक वाकवलं आहे). ब्रिजभोवतीच्या टॉपवर जाड पुठ्ठा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, ब्रिजच्या आकाराचं भोक पाडून. मग घरची इस्त्री मध्यम आचेवर ब्रिजवर. पाच-सात मिनिटांनी चित्रकारांची पातळ, बोथट पॅलेट नाइफ मागच्या कोपऱ्यातून सरकवा. जोर लावायचा नाही. सरकत नसेल तर पुन्हा इस्त्री. पाती आत जाताना तंतू उपटू लागले तर तिथेच थांबून उलट बाजूने या, कारण स्प्रूसचा रेषा बहुतेक वेळा किंचित तिरका असतो आणि एका बाजूने तो पात्याला लाकडात खोल नेतो. हे काम एका संध्याकाळी संपवायचं आहे असं मनात धरून बसलात तर टॉप फाडाल.

ब्रिज निघाला की साउंडहोलमधून छोटा आरसा आणि मोबाइलचा दिवा घालून आतली पट्टी बघा. ब्रिजच्या बरोबर खाली कडक लाकडाची पट्टी असते, तारांच्या टोकांचे गोळे तिच्यावर अडकतात. भोकं झिजून मोठी झाली असतील तर गोळे टॉपच्या मऊ लाकडात रुतून वर येतात आणि ब्रिजला आतून ढकलतात. पट्टीच सुटलेली असेल तर वरचा ब्रिज कितीही चांगला चिकटवा, पोट फुगणार. हे काम वेगळं आहे आणि ब्रिजच्या आधीचं आहे.

आता बसणी. माझ्या मते ऐंशी टक्के यश इथे ठरतं, गोंद उघडायच्याही आधी. हाताने केलेल्या बहुतेक गिटारींचा टॉप सपाट नसतो, त्याला अगदी हलका घुमट दिलेला असतो. ब्रिजचा तळ त्याच घुमटाचा हवा. टॉपवर ब्रिजच्या जागी १२० नंबरचा पॉलिश पेपर उलटा, म्हणजे खरखरीत बाजू वर, पातळ टेपने चिकटवा आणि ब्रिज त्यावर छोट्या फेऱ्यांनी घासा. पेन्सिलीने तळावर आडव्या-उभ्या रेघा ओढून ठेवल्या की कुठे घासलं जातंय ते दिसतं. सगळ्या रेघा एकाच वेळी जायला लागल्या की थांबा. मग कागद काढून ब्रिज नुसता बोटाने जागेवर ठेवा, क्लॅम्प नाही, आणि चारही कडांखाली तोच वहीचा कागद लावून बघा. कुठेही जात असेल तर अजून काम बाकी आहे. ‘क्लॅम्प लावला की बसेल’ हे वाक्य मनात आलं की समजा तिसरी दुरुस्ती ठरली. क्लॅम्पने बसवलेली फट क्लॅम्प काढल्यावर जात नाही, ती गोंदात दबा धरून बसते.

टॉपवरची जागा मात्र जास्त घासू नका, तिथे लाकूड जेमतेम अडीच-तीन मिलीमीटर असतं. ब्रिज ठेवून त्याच्याभोवती धारदार ब्लेडने पॉलिश हलकं कापा, आतलं खरवडून काढा, जुना गोंद पूर्ण घालवा. पॉलिशची कड ब्रिजखाली राहू देऊ नका. कारखान्यात वेळ वाचवायला ती सोडतात आणि म्हणूनच कित्येक गिटारींवर कागद आत जातो.

जागा ठरवताना डोळ्यावर भरवसा ठेवू नका. ६४८ मिलीमीटरच्या स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ होतात. तिथून सॅडलपर्यंतचं अंतर थोडं जास्त हवं, आणि जाड तारेकडे अजून थोडं जास्त. दोन टोकांच्या पिनांच्या भोकांत घट्ट बसणाऱ्या, मेण लावलेल्या लाकडी काड्या घाला. गोंद ओला असताना ब्रिज साबणासारखा सरकतो, आणि काड्या नसतील तर तो कुठे गेला हे तुम्हाला सकाळी कळतं.

क्लॅम्प हा आमच्याकडचा मोठा अडसर. हार्डवेअरच्या दुकानात मागितलं की “भैया, जी-क्लॅम्प ले जाओ” असं उत्तर मिळतं. तो साउंडहोलमधून ब्रिजपर्यंत पोहोचत नाही. पंधरा सेंटीमीटर पोहोच असलेले तीन हवेत. मी सागाच्या पट्ट्यांचे लाकडी क्लॅम्प केले, शेवटी पाचरीने आवळायचे. आत लावायचा लाकडी ठोकळा टॉपखालच्या आडव्या काठ्यांना टाळून खाचा पाडून घ्या, नाहीतर दाब काठीवर येतो आणि ती मोडते. आधी गोंदाशिवाय एकदा सगळं लावून बघा, घड्याळ लावून. पिवळ्या गोंदाला उघडा वेळ (लावल्यापासून जोडेपर्यंतचा) पाच मिनिटांच्या आसपास मिळतो, एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याहून कमी. माझी पहिली तालीम अकरा मिनिटांची झाली होती. चौथी साडेतीन.

गोंद कोणता? पिवळा लाकडाचा गोंद पुरेसा आहे, पण पाण्याला टिकणारे त्याचे प्रकार नकोत, ते ओढीखाली जास्त सरकतात. सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद) सर्वात उत्तम, वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि सरकत नाही. पण तो थंड पाण्यात भिजवून ६० अंशांच्या थोडं वर गरम ठेवावा लागतो, उकळला की गेला, आणि गार झाला की लगेच घट्ट होतो. बाजारात वड्यांचा सरस मिळतो. रात्रभर गार पाण्यात ठेवून बघा: फुगून जेली झाली तर चांगला, विरघळून घाण वास मारला तर फेकून द्या. काकांचा कल अर्थातच सरसाकडे. मी पिवळ्यावर राहिलो, कारण साडेतीन मिनिटं मला पुरतात, सरसाच्या दीड मिनिटात माझा जीव जातो.

गोंद ब्रिजला पातळ आणि सगळीकडे. ब्रिज ठेवा, मधला क्लॅम्प आधी, मग बाजूचे. चारही बाजूंनी मण्यांची बारीक ओळ बाहेर यायला हवी. आली नाही ती बाजू उपाशी आहे. तो गोंद ओल्या फडक्याने माखू नका. वीसेक मिनिटांनी रबरासारखा झाला की प्लॅस्टिकच्या स्ट्रॉचं टोक तिरपं कापून त्याने कोपऱ्यातून ओढून घ्या. काड्या मात्र क्लॅम्प बसल्यावर लगेच काढा, नाहीतर त्याही कायमच्या मुक्कामाला राहतात.

चोवीस तास क्लॅम्प. त्यानंतर अजून दोन दिवस तारांविना. तारा चढवल्या की पहिला दिवस पूर्ण एक सूर खाली ठेवा, दुसऱ्या दिवशी जागेवर आणा, आणि आठवड्याने कागद सरकवून बघा. माझ्या केसच्या खिशात तोच वहीचा कागद अजून आहे. दर मे महिन्यात कूलर बाहेर काढला की त्याच दिवशी तो ब्रिजखाली फिरवतो, आणि गिटार कूलर नसलेल्या खोलीत हलवतो.